बँकेच्या ओट्यावरचा दगड

दगड चोरीला गेल्याची तक्रार माझ्या सबंध नोकरीत एकदाच आली, आणि ती सकाळ मला आजही लख्ख आठवते.

वाशिम जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात मी तेव्हा ठाणेदार होतो. गावाचे नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. कारंज्याच्या बाजूचे गाव, एवढे सांगितले तरी पुरे. त्या प्रकरणातली बरीच माणसे अजून आहेत आणि त्यांना आता शांतपणे जगू द्यावे असे मला वाटते.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी पुढे ओढून बसला होता. बाहेर हसण्याचा आवाज आला म्हणून मी माझ्या खोलीच्या दारात आलो. टेबलापुढे पासष्टीच्या आसपासची एक बाई उभी होती. हिरवे नववारी लुगडे, पायात प्लास्टिकच्या चपला, खांद्यावर कोथिंबिरीची एक काडी अडकलेली. सरळ बाजारातून उठून आलेली दिसत होती. तिला मोटारसायकलवर घेऊन आलेला मुलगा फाटकाबाहेर झाडाखाली थांबला होता.

"गोटाच ना मावशे?" ठाणे अंमलदार म्हणत होता. "रस्त्यावर लय पडले हायेत. एखादा घेऊन जा न."

"तुह्या घरचा उंबरठा कोणी उचलून नेला तं तू बी असाच हासशीन काय रे?" बाई म्हणाली.

हसणे थांबले. मी तिला आत बोलावले, खुर्ची दिली. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"कसला दगड, मावशी?"

"बँकेच्या ओट्यावरचा साहेब. भितीतला. लिवलेला. मी त्याले टेकूनच बसतो. आमच्या घरची जागा हाये ते."

मी नगरकडचा. त्या वऱ्हाडी भागातल्या बाया 'मी बसतो', 'मी येतो' असे बोलतात याची सवय व्हायला मला बराच काळ लागला होता.

"काय लिहिले होते त्यावर?"

"थे मले काय माईत? मी शिकली नाई. पण माह्या आजेसासूनं लिवून घेतलं होतं. तिचीच वाडी होती तिथं, भाजीची. बँकेले तिनंच देली जागा."

"आणि चोरी कोण करील दगडाची?"

"थे तुमी शोधा. मी इतकंच सांगतो, आज गोटा गेला, उद्या आमी जाऊ. इमारत इकली म्हनते. नवा मालक ओटा फोडनार हाये. अकरा बाया बसतो आमी तिथं. आमी कुठी जावं?"

मी तिच्याबरोबर जागा पाहायला गेलो. ठाण्यापासून चालत दहा मिनिटे. इमारत जुनी, दुमजली, दर्शनी भागाला गोल कमानी आणि वर लाकडी कठड्याची गॅलरी. ती गॅलरी रस्त्याच्या बाजूने पुढे आलेली, त्यामुळे खालच्या लांब ओट्यावर दुपारपर्यंत सावली. तळमजल्यावर गावची सहकारी बँक होती. ती एका मोठ्या बँकेत विलीन झाली आणि हमरस्त्यावरच्या काचेच्या नव्या इमारतीत गेली. खाली नुसते बंद शटर उरले. वरच्या मजल्यावर एक फोटो स्टुडिओ, एक टेलर आणि एक वकील असे तीन भाडेकरू राहिले होते.

शटरच्या शेजारी भिंतीत दोन हात रुंद, हातभर उंच खळगा पडला होता. कडेचा चुना छिन्नीने मोकळा केलेला. खाली ओट्यावर भुरा सांडलेला. खळग्याला लागूनच खिडकीची लोखंडी जाळी होती, जुन्या काळची, जड. तिला कोणी हात लावला नव्हता.

घटनास्थळी गेल्यावर मी नेहमी काय राहिले आहे ते आधी पाहत असे. भंगारवाल्याकडे ती जाळी सहज विकली गेली असती. चोराने ती सोडली आणि जो दगड कोणी फुकट घेणार नाही तो दोघा-तिघांच्या ताकदीने काढून नेला. म्हणजे त्याला दगड हवा नव्हता, दगडावरचे काहीतरी नाहीसे करायचे होते.

मग मी तिथल्या माणसांना विचारायला लागलो, दगडावर काय लिहिले होते? आणि मला माझ्या नोकरीतले एक मोठे आश्चर्य भेटले. कोणालाच माहीत नव्हते. रोज हजार माणसे त्याच्यापुढून गेली असतील. बायांनी त्याला टोपल्या टेकवल्या, बँकेत आलेल्यांनी त्यावर कोपर टेकून स्लिपा भरल्या, पण वाचला कोणी नव्हता. दर दिवाळीला बँकेने भिंतीबरोबर त्यालाही ऑइलपेंट फासला. रंगाच्या थरांखाली अक्षरे बुजत गेली. एक बाई म्हणाली, देवाचं काई तरी होतं. वकील म्हणाले, उद्घाटनाचा फलक असणार, पुढाऱ्यांची नावे, दुसरे काय. फोटो स्टुडिओवाल्याने त्या भिंतीपुढे कितीतरी नवरा-नवरींचे फोटो काढले होते. त्याने मला जुने फोटो दाखवले. सगळ्यांत दगड होता, पण मागे, पुसट, आणि त्याच्यासमोर कोणाचे तरी डोके.

इमारतीचा इतिहास मला टेलरकडून कळला. ते सत्तरीचे गृहस्थ मशीनवरचे पाय न थांबवता बोलत.

"ही बँक काढली ती गावच्या मास्तर लोकांनी आन कापसाच्या अडत्यांनी," ते म्हणाले. "त्याईले जागा पायजे होती बाजाराजवळ. जागा होती फक्त एक, त्या बुढीची भाजीची वाडी. तिनं पैसे नाई घेतले. मह्या वडलाईनं सांगतलेलं हाये. वर टायपिंगचा क्लास होता पहिले. गावातले आर्धे कारकून त्या क्लासातून निघाले. सकाळी खट्-खट् सुरू झालं की खाली बँकेचं शटर वर जाये, आन लोक घड्याळ लावत. आता तुमाले काय दिसते, तीन भाडोत्री आन कबुतरं."

"अट काही घातली होती तिने?"

"अट होती म्हन्तात. काय होती थे देवाले माईत."

मी नव्या बँकेच्या वरिष्ठांना फोन लावला. उत्तर सभ्य आणि थंड होते. दगड चोरीला गेल्याबद्दल आमची तक्रार नाही, इमारतीचा व्यवहार ठरला आहे, अटीची कोणतीही नोंद आमच्याकडे नाही. आमच्या वरिष्ठांनीही विचारले, "दगडाचा गुन्हा दाखल करताय?" मी म्हणालो, "चोरी झाली आहे, साहेब. वस्तू कितीची आहे हे कलम विचारत नाही."  मी गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी एक हवालदार दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात पाठवला. बँकेला जागा दिल्याच्या जुन्या बक्षीसपत्राची नक्कल मिळवायला त्याला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. कागद मोडी वळणाच्या बाळबोधीत, शाई फिकट. चतुःसीमा, विहिरीचा उल्लेख, साक्षीदार, अंगठा. आणि शेवटी एक ओळ. ती मी दोनदा वाचली. 'ओट्याबाबतची अट दर्शनी भिंतीत बसविलेल्या दगडावर कोरली आहे त्याप्रमाणे समजावी.'

बाईला नंतर विचारले तेव्हा ती म्हणाली, तिच्या सासूकडून तिने ऐकले होते की आजेसासू कागदाला तयारच नव्हती. कागद भिजते, जळते, मले वाचता येत नाई, तुमी काई बी लिवसान, गोट्यावर लिवा, चार लोकाईसमोर, असे तिने मास्तर लोकांना ऐकवले होते.

म्हणजे अटीचा मजकूर साऱ्या दुनियेत एकाच ठिकाणी होता, आणि तेच ठिकाण भिंतीतून उपटून नेले होते. इमारत घेणाऱ्याच्या वकिलाने जागेचे कागद तपासले असणार. ती ओळ त्यानेही वाचली असणार. संशय कुठे जातो ते उघड होते. पण संशयावर गुन्हा उभा राहत नाही.

समोरच्या मोबाईलच्या दुकानाला कॅमेरा होता, पण त्याचे तोंड स्वतःच्याच शटरकडे. मी दोन दिवस त्या रस्त्यावर हिंडलो. तिसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या रसवंतीवर उसाचा रस घ्यायला थांबलो तेव्हा मालक ग्लास पुसत पुसत, माझ्याकडे न पाहता बोलायला लागला.

"साहेब, माह्यं नाव नका घेऊ. मी सकाळी पाच वाजताच येतो मशीन धुवाले. त्या दिवशी ओट्याजवळ एक मालवाहू ऑटो उभा होता."

"भाजीची गाडी असेल. रोज येतात."

"तेच तं. म्हनून कोणी ध्यान नाई देल्लं. पण भाजीची गाडी दबून येते आन खाली होऊन उडत जाते. हे गाडी उडत आली आन दबून गेली. मांगचे पाटे पार बसले होते."

मला त्या माणसाला सलाम करावासा वाटला. पोलिसी शाळेत न शिकता इतके नेमके पाहणारी माणसे प्रत्येक चौकात असतात. आपण त्यांच्याकडे रस प्यायला थांबत नाही एवढेच. गाडीचा नंबर त्याला ठाऊक नव्हता, पण ताडपत्री निळी होती आणि मागे एका बाजूचा दिवा फुटलेला होता. शेलूबाजारपासून कामरगावपर्यंतच्या गाड्या तपासायला मी दोघांना लावले. संध्याकाळच्या आत गाडी कामरगावात सापडली.

चालक चाळिशीचा, सरळ चेहऱ्याचा माणूस. मी त्याला माझ्यासमोर बसवले आणि चहा मागवला. मारहाण करून मिळवलेली कबुली कोर्टात टिकत नाही हे तर आहेच, पण घाबरलेला माणूस आपल्याला हवे ते बोलतो, खरे बोलत नाही, हा माझा अनुभव आहे.

"त्या दिवशी काय आणलं होतंस?"

"वांगे, साहेब."

"किती कॅरेट?"

"इस."

"कोणाला उतरवले?"

त्याने चहाचा कप उचलला. वीस कॅरेट तिथे खपणेच शक्य नव्हते; अकरा बायांनी मिळून सात-आठ कॅरेट वांगी विकली तरी त्या दिवसाचा बाजार झाला म्हणायचा. त्याच्या गाडीच्या फळ्यांत पांढरा चुना अजून होता, तो मी त्याला दाखवला. 

"मी फक्त गाडी देली, साहेब. हात लावाले लागला, इतकंच. त्यानं सांगतलं, चोरी नोहे हे. घरचाच गोटा हाये म्हने, पणजीचा."

हे बोलला आणि त्याचा चहाचा कप तसाच थांबला. काय निसटले ते त्याच्याही लक्षात आले. त्या दगडाला घरचा म्हणणारे, पणजीचा म्हणणारे गावात एकच घर होते.

मला आनंद झाला नाही. गुन्हा उघडकीस आला की पोलिसाला जी एक हुशारी येते ती त्या दिवशी आली नाही. तक्रार द्यायला आलेल्या बाईला मोटारसायकलवर घेऊन येणारा, फाटकाबाहेर झाडाखाली थांबलेला तिचा एकुलता एक मुलगा मला आठवला. मी तेव्हा त्याला आत बोलावलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बोलावले. चालकाचा शाळेपासूनचा मित्र. बी.ए. झालेला, दीड एकर बागायत करणारा. मी गुन्ह्याचे काही विचारले नाही. विहिरीला पाणी किती, यंदा मेथी कशी, असे विचारत राहिलो. तो उत्तरे देत होता, पण खुर्चीचा हात त्याने घट्ट धरला होता.

मग मी म्हणालो, "तुझी आई काल परत आली होती. दगडाचा पत्ता लागला का विचारत होती. जेवण जात नाही म्हणाली."

त्याने मान खाली घातली. नंतर एकदम वर करून म्हणाला, "तुमाले माईत हाये, साहेब. मले बी माईत हाये का तुमाले माईत हाये. लिवा."

"आधी सांग. काहून?"

'का' साठीचा त्याच्या बोलीतला शब्द माझ्या तोंडून आला तेव्हा तो किंचित हसला, आणि मग त्याला बोलणे आवरेना.

"मी त्या ओट्यावर वाढलो, साहेब. पालकाच्या जुडीवर पाणी मारत अभ्यास केला. शाळेतले पोट्टे मले ओट्या म्हनत. माह्यं नाव कोणाले माईत नव्हतं. माय माही पस्तीस वर्सं जमिनीवर बसून राह्यली, गुडघे गेले तिचे. त्यानं, घेनाऱ्यानं, मले सांगतलं का नव्या इमारतीत तुले एक गाळा देतो, कोपऱ्याचा. शटरवाला. फक्त थो गोटा तेवढा नाईसा कर. मी इचार केला, माय खुर्चीवर बसंन. पाटी लागंन आमच्या नावाची."

"आणि बाकीच्या दहा जणी?"

त्याने खुर्चीचा हात पुन्हा घट्ट धरला.

"लिहून दिले होते का गाळ्याचे?"

"नाई. तोंडानं."

"दगड कुठे आहे?"

"वावरात. थो म्हने, फोडून टाक. घन बी देला त्यानं. मी उचलला बी घन. पण रंगाखाली हाताले अक्षरं लागत होती, साहेब. अक्षरावर घन कसा मारू?"

"वाचली नाहीस?"

"नाई वाचली. वाचली असती तं वापस न्या लागला असता."

हे वाक्य मी त्याच्या जबाबात जसेच्या तसे लिहून घेतले. खोटे बोलणारा माणूस असे वाक्य तयार करू शकत नाही.

आईला सांगणे माझ्याकडे आले. मी ते हवालदारावर सोडू शकलो असतो. ती आली तेव्हा तिच्या हातात माझ्यासाठी गवारीची पिशवी होती. मी घेत नाही हे माहीत असूनही ती आणायची आणि परत न्यायची. मी सरळ सांगितले. ती उठली नाही, रडली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"त्याले माह्यासमोर म्हनू द्या," ती म्हणाली.

मुलाला आत आणले. तो दारापाशीच उभा राहिला. "माय, गोटा मी नेला," एवढेच म्हणाला.

मला वाटले ती हात उचलील, किंवा छाती पिटून घेईल. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारले, "फुटला काय?"

"नाई."

"मंग चाल," ती म्हणाली. "दाखव."

आम्ही पंच घेऊन वावरात गेलो. पंचांमध्ये ते टेलर आणि एक निवृत्त शिक्षक होते. भाजीवाल्या दोघी-तिघीही जीपला लटकून आल्याच. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे, बारदानाखाली, दगड पालथा ठेवलेला होता. चौघांनी तो उलटा केला. पंचनाम्यात ओळख पटवायची म्हणजे मजकूर वाचायला हवा होता. टेलरने थिनरची बाटली आणली होती. तारेच्या ब्रशने घासत घासत रंगाचे थर निघाले. निळा, मग पिवळा, मग एक हिरवा, आणि सगळ्यांत खाली काळ्या दगडाचा मूळ रंग. अक्षरे गाव-पाथरवटाच्या हातची, वाकडीतिकडी, पण खोल.

शिक्षकांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचले.

"हा ओटा भाजी विकणाऱ्या बायांसाठी सोडिला आहे. जी बाई भाजी घेऊन येईल तिने येथे बसावे. तिला जात पुसू नये. भाडे मागू नये. उठवू नये. माझ्या घरच्यांचा यावर वेगळा हक्क नाही."

खाली तिचे नाव होते. बाकी काही नाही, ना पुढारी, ना तारीख.

 आलेल्या बायांपैकी एकीने डोळ्यांना पदर लावला. ती बागवानांकडची, तरुण, नव्याने भाजी घेऊन येऊ लागलेली. तिला ओट्यावर जागा नव्हती, ती ओट्याखाली उन्हात गाडीच्या आडोशाने बसायची, आणि तिला वर येऊ न देणाऱ्यांत आमची तक्रारदार बाई सगळ्यांत पुढे होती हे मला त्या दिवशी कळले. 'आमच्या घरची जागा' हे शब्द मी पहिल्याच सकाळी ऐकले होते, पण ते असेही वापरले जातात हे माझ्या लक्षात आले नव्हते.

तक्रारदार बाईने शिक्षकांना सांगितले, "शेवटचं पुन्हा वाचा, गुर्जी."

त्यांनी वाचले. माझ्या घरच्यांचा यावर वेगळा हक्क नाही.

ती खाली बसली, दगडावरून हात फिरवला. "बुढीनं आमाले ओळखलं होतं," ती म्हणाली. मग मान न वळवता त्या तरुण बाईला म्हणाली, "फातमा, उद्यापासून वर ये वं. मी सरकतो." नाव मी बदलले आहे, बाकी शब्द तिचेच.

दोषारोपपत्र पाठवले. घेणाऱ्याचा जबाब घेतला होता; त्याने सगळे नाकारले. गाळ्याचे बोलणे दोघांतच झाले होते, घनावर कोणाचे नाव नव्हते. त्याला आरोपी करता येईल इतका पुरावा मला गोळा करता आला नाही. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण आठवणी लिहिताना आपण प्रत्येक गुन्हा शेवटापर्यंत सोडवला असे भासवण्याचा मोह होतो. ज्याच्या डोक्यातून हे निघाले तो मोकळा राहिला आणि ज्याचे हात चुन्याने भरले तो कोर्टात उभा राहिला. असे फार वेळा होते.

दगड आणि बक्षीसपत्र समोर आल्यावर बँकेची भाषा मात्र बदलली. व्यवहारात ओट्याची अट घालावी लागली. जुनी इमारत वाचली नाही. गॅलरी, कमानी, टायपिंगच्या क्लासची खोली, सगळे दोन महिन्यांत जमिनीवर आले. टेलर आपली मशीन घेऊन मुलाच्या घरी गेले, फोटो स्टुडिओ बंदच झाला. पण नवे गाळे ओटा सोडून मागे बांधावे लागले, वर पत्र्याचे छत घालावे लागले, आणि कोर्टाने मुद्देमाल मोकळा केल्यावर दगड नव्या भिंतीत बसला. या खेपेला रंग न लावता.

कोर्टातला दिवस सांगायचा राहिला. मुलाने गुन्हा कबूल करायचे ठरवले होते, तरी त्याच्या वकिलाने आईला बाजूला घेऊन समजावले होते. तुम्ही सैल साक्ष दिली, दगड घरचाच समजत होतो म्हणालात, तर मुलगा सुटेल, डाग लागणार नाही. मीसुद्धा, खरे सांगायचे तर, ती तसेच करील असे धरून चाललो होतो. इतक्या वर्षांत आईने मुलाविरुद्ध शेवटपर्यंत उभे राहिल्याचे मी पाहिले नव्हते आणि त्याबद्दल मला कोणा आईचा राग आला नव्हता.

न्यायाधीशांनी विचारले, "दगड तुमच्या घरचा आहे असे तुमचे म्हणणे आहे का?"

"नाई, साहेब," ती म्हणाली. "पयले मी तसंच समजत होतो. वाचल्यावर समजलं. गोटा आमचा नोहे. माह्या पोरानं दुसऱ्याचा गोटा नेला."

मुलाने कबुली दिली. पहिलाच गुन्हा, दगड परत मिळालेला, हे पाहून कोर्टाने त्याला आणि चालकाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठले. पोलीस म्हणून नव्हे, माणूस म्हणून विचारले, "मावशी, वकील सांगत होते तसे तुम्ही बोलला असतात तर त्याच्या नावावर काहीच राहिले नसते."

ती गुडघ्यावर हात टेकून एक पायरी उतरली, मग म्हणाली, "कागदावर नसतं राह्यलं, साहेब. पण घरात राह्यलं असतं. थो ताटावर बसला का मले गोटा दिसला असता, आन त्याले मी दिसली असती. आता कसं, त्यानं म्हटलं, तुमी लिवलं, साहेबानं वाचलं. झालं थे."

ती पुढे निघाली, मुलगा मागून, चार पावले अंतर राखून. रस्ता ओलांडायला ती थांबली. गाड्या नव्हत्या, तरी थांबली, तो जवळ येईपर्यंत.

कबुली म्हणजे आरोपीला बांधायची दोरी, असेच मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शिकलो होतो. ती कशी मिळवायची, पंचांसमोर कशी पक्की करायची, उलटतपासणीत कशी टिकवायची, हे सगळे मला येत होते. ती देणाऱ्याचे पुढे काय होते हे मी कधी पाहिले नव्हते. माझे काम तिथे संपत असे. त्या दिवसानंतर घरातल्या माणसाने घरातल्याविरुद्ध दिलेली तक्रार माझ्याकडे आली की मी 'मिटवून टाका' हा शब्द सहसा वापरला नाही. प्रत्येक वेळी ते बरोबर ठरले असे नाही. दोन घरे त्यामुळे तुटलीही, त्यांचे ओझे माझ्यावर आहे. पण मिटवलेल्या गोष्टी मिटत नाहीत, त्या फक्त कोणी वाचत नाही, एवढे मला त्या न शिकलेल्या बाईमुळे कळले.